सीनिअरशी बिनसलंय, आणि रोज त्यांच्याच शेजारी बसायचंय

कोरा_कागद (धागाकर्ती)

आमच्या टीममध्ये एक सीनिअर आहेत. हुद्द्याने ते माझे बॉस नाहीत, आम्ही दोघंही एकाच मॅनेजरच्या हाताखाली. पण ते इतकी वर्षं तिथे आहेत की मॅनेजरसुद्धा काही ठरवण्याआधी "सरांना विचारलंत का?" म्हणतो. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणते.

मी नवीन होते तेव्हा काम त्यांनीच शिकवलं. महिनाअखेरचा रिपोर्ट कसा जुळवायचा, कुठल्या विभागाचे आकडे कायम उशिरा येतात, कुणाला मेल करायचा आणि कुणाला सरळ फोन, हे कुठेही लिहिलेलं नसतं. ते सगळं मला त्यांच्याकडून मिळालं. म्हणून आता जे चाललंय ते जास्त लागतं.

मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की दुसऱ्या वाक्याला तोडतात. "हे आपण आधी करून पाहिलेलं आहे," हे ठरलेलं वाक्य. कधी करून पाहिलं, काय झालं, ते सांगत नाहीत. त्यांच्याकडची माहिती मागितली की "पाठवतो" म्हणतात आणि ती येते डेडलाईनच्या आदल्या संध्याकाळी. मग घाईत माझ्या रिपोर्टमध्ये एखादा आकडा राहिला की मॅनेजरला सीसी ठेवून मेल. भाषा अगदी सभ्य. "यापुढे योग्य ती दक्षता घ्यावी." असा मेल कुणाला दाखवला तर तो म्हणेल, यात काय आहे? आणि खरंच, एकेका मेलमध्ये काहीच नसतं.

आधी जास्तच गोड वागून पाहिलं, मग कामापुरतंही बोलायचं टाळून पाहिलं. काडीचा फरक नाही. आता सोमवार आला की पोटात गोळा येतो.

सरळ त्यांच्याशीच बोलावं का? की मॅनेजरला सांगावं? मॅनेजरला सांगितलं तर तक्रारखोर असा शिक्का बसेल अशी भीती वाटते. नोकरी सोडायची नाहीये, काम मला आवडतं.

तिरकस

नोकरी बदला. पुढच्या ठिकाणी दुसरे सर असतील, पण निदान टोमणे तरी नवे मिळतील.

(हलके घ्या.)

पानगळ

वाचते आहे. आमच्याकडेही अगदी हेच, फक्त सरांच्या जागी मॅडम. त्या "दक्षता घ्यावी"ने अंगावर काटा आला.

मधली_सुट्टी

सल्ला देण्याआधी थोडं विचारते.

हे कधीपासून सुरू झालं? "हळूहळू" असं उत्तर नको, नीट आठवलं तर बहुतेक वेळा साधारण महिना सांगता येतो. ते बाकीच्यांशीही असंच वागतात की फक्त तुमच्याशी? आणि त्याच सुमारास ऑफिसात काही बदललं होतं का? नवी यंत्रणा, कुणाचं प्रमोशन, कामाची नवी वाटणी, काहीही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात आधी हवंय. समोरचा वाईट वागला की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो आणि आपण तसेच वागलो की परिस्थितीला. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या सवयीतल्या पहिल्या अर्ध्या भागाला नाव दिलं. ढोबळ मराठीत 'मूलभूत गुणारोपण दोष' म्हणूया, नाव जड आहे पण सवय आपली सगळ्यांची आहे. तुमच्या सरांचा स्वभावच तसा असता तर त्यांनी सुरुवातीला तुम्हाला एवढं मनापासून शिकवलं नसतं. मध्ये काहीतरी घडलंय.

कोरा_कागद

@तिरकस, हसले. गरज होती.

@मधली_सुट्टी, तुम्ही विचारल्यावर बसून आठवलं. महिना सांगता येतोय. पूर्वी आमचे सगळे रिपोर्ट सरांनी स्वतः बनवलेल्या एक्सेल शीट्सवर चालायचे. एकातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे फॉर्म्युले, आणि ते फक्त त्यांनाच कळायचे. मग कंपनीने नवं सॉफ्टवेअर आणलं. मॅनेजरने भर मीटिंगमध्ये जाहीर केलं की रिपोर्टचं काम आता मी बघणार. मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. सरांना सांगितलं होतं की नाही, कल्पना नाही. त्यांचा चेहरा आठवतो, त्यावरून नसावं.

बाकीच्यांशी ते ठीक आहेत. नवीन आलेल्या मुलाला तर शेजारी बसवून शिकवतात.

जुना_खांब

मग झालं की स्पष्ट.

मी तुमच्या सरांसारख्याच खुर्चीत बसणारा माणूस आहे, म्हणून थोडं तिकडचं सांगतो. पटलं तर घ्या.

वीसेक वर्षं एखादं काम केलेल्या माणसाकडे अधिकार फारसे नसतात. बढत्या इतरांना मिळून गेलेल्या असतात. त्याच्याकडे एकच गोष्ट असते: "हे त्यांना विचारा." रोज कुणी ना कुणी विचारायला येतं, त्यावर त्याचा ऑफिसातला दिवस उभा असतो. एका सकाळी मॅनेजर सगळ्यांसमोर सांगतो की यापुढे त्यांना विचारायचं कारण नाही. हे शब्द तो वापरत नाही, पण अर्थ तोच. आणि काम कुणाकडे जातं? ज्या मुलीला मी शिकवलं तिच्याकडे.

अशा वेळी मॅनेजरशी भांडता येत नाही. त्याच्या हातात अप्रेझल असतं. नव्या सॉफ्टवेअरशीही भांडता येत नाही, कारण लगेच "जुन्या विचारांचे" ठरतो. उरलं कोण?

माहिती उशिरा देतात, त्याबद्दलही एक सांगतो. ती माहिती ही त्यांच्या हातात राहिलेली शेवटची चावी आहे. मी समर्थन करत नाहीये. यंत्र उघडून दाखवतोय.

रोखठोक

@जुना_खांब, समर्थन करत नाही म्हणता म्हणता बरंच करून टाकलंत.

खुर्ची गेली मॅनेजरमुळे, राग निघतोय ज्युनिअरवर. याला समजून घ्यायचं काम पुन्हा ज्युनिअरनेच करायचं? वर्षानुवर्षं हेच ऐकतोय. सीनिअर दुखावलेला असतो म्हणून ज्युनिअरने शहाणं व्हायचं. सीनिअरला शहाणं व्हायला कुणी सांगत नाही, कारण त्याची "वर्षं" झालेली असतात.

धागाकर्तीसाठी: समजून घ्या, पण सोबत नोंद ठेवा. तारीख, काय मागितलं, कधी मिळालं, कोणता मेल आला, तेव्हा समोर कोण होतं. भावना लिहू नका, फक्त घटना. तुम्हीच म्हणालात की एकेका मेलमध्ये काही नसतं. बरोबर आहे, असल्या प्रकारात सगळं असतं ते ओळीत. हाइन्झ लेमन नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. स्वीडनमध्ये १९८०च्या दशकात त्यांनी कामाच्या ठिकाणच्या छळाचा अभ्यास सुरू केला. त्यांची कसोटी होती: आठवड्यातून निदान एकदा आणि निदान ६ महिने. सुटी घटना क्षुल्लक दिसते, हे त्यांनाही माहीत होतं.

मधली_सुट्टी

@रोखठोक, नोंदीबद्दल अनुमोदन. पण छळ हा शब्द इतक्यात नको. लेमन यांच्या कसोटीत फक्त वारंवारता नव्हती. लक्ष्य झालेला माणूस हतबल होऊन एकटा पडतो, प्रतिकारच करू शकत नाही, हा त्या व्याख्येचा गाभा होता. इथे धागाकर्तीकडे काम आहे, मॅनेजरचा विश्वास आहे, सॉफ्टवेअरची किल्लीही आहे. एका अर्थी दोघांत वरचढ तीच आहे. हे तिला जाणवत नाहीये, सरांना मात्र रोज जाणवतंय.

रोखठोक

शब्द मागे घेतो, नोंद मागे घेत नाही.

आणि एक भर. लेमन यांचे ६ महिने हा संशोधनाचा निकष होता, सोसण्याची मुदत नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्ध १९० क्रमांकाचा करार संमत केला, तो २०२१ पासून लागू आहे. त्याच्या व्याख्येत एकदाच घडलेली घटनाही धरलेली आहे. तेव्हा उद्या सर आरडाओरडा, शिवीगाळ, धमकी, बाईपणावरून बोलणं यातल्या कशावरही आले तर त्या दिवशी या धाग्यावरचा समजूतदारपणा बाजूला ठेवायचा आणि लेखी तक्रार करायची. हे दोन वेगळे रस्ते आहेत. लोक त्यांची गल्लत करतात आणि छळ होत असलेल्या माणसाला "एकदा बसून बोलून घ्या" सांगतात.

पानगळ

हे शेवटचं वाक्य कुणीतरी आमच्या एचआरला पाठवा.

धावपट्टी

मीटिंगमध्ये बोलणं तोडतात त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. मी विमान देखभालीच्या क्षेत्रात आहे. सीनिअरसमोर ज्युनिअरने कसं बोलायचं हा प्रश्न आमच्याकडे माणसं गमावून शिकला गेलाय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांतल्या टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुकं, धावपट्टीवर दोन बोइंग ७४७. एक केएलएम या डच विमान कंपनीचं, उड्डाणाच्या तयारीत. दुसरं पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीचं, अजून धावपट्टीवरच. केएलएमचा कॅप्टन म्हणजे कंपनीतला बडा माणूस, इतर वैमानिकांना प्रशिक्षण देणारा. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना त्याने विमान पळवायला सुरुवात केली. रेडिओवरचं बोलणं ऐकून फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, तो अजून बाजूला झाला नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, झालाय. विषय संपला. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतके जीव आजवर गेलेले नाहीत.

आता इंजिनिअर काय बोलला ते बघा. त्याला शंका आली होती, त्याने ती मांडलीही. पण प्रश्नाच्या रूपात. प्रश्नाला "हो" किंवा "नाही" म्हणून सीनिअर मोकळा होतो.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७८ मध्ये, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडचं एक विमान इंधन संपून पडलं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतलेला, इंधन संपत आल्याचं सोबतचे लोक सुचवत होते, पण "आता खाली उतरायलाच हवं" असं कुणी ठणकावलं नाही. १० जण गेले. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने कार्यशाळा घेतली आणि त्यातून पुढे सगळ्या वैमानिकांना द्यायचं एक प्रशिक्षण उभं राहिलं. कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचं. ज्युनिअरने पायरी पायरीने आवाज कसा चढवायचा हे त्यात शिकवतात, आणि सीनिअरने ऐकायचं कसं हेही. दुसरा भाग महत्त्वाचा आहे. एकट्या ज्युनिअरला धीट करून भागत नाही हे त्या लोकांना कळलं होतं.

तुमच्या कामात जीव जात नाहीत, पण बोलण्याची घडी उचलण्यासारखी आहे. "आपण असं करून बघायचं का?" असं म्हणू नका. आधी वस्तुस्थिती, मग धोका, मग नेमकी मागणी. "सर, या विभागाचे आकडे २५ तारखेनंतर आले की जुळवणीला एकच दिवस उरतो. त्यात चूक राहते. मला ते २२ला हवेत." यावर "आपण आधी करून पाहिलंय" हे उत्तर बसतच नाही.

रात्रपाळी

@धावपट्टी, रुग्णालयांनी हे तुमच्याकडूनच उचललंय. मी नर्स आहे. आम्हाला ठरावीक शब्द शिकवले होते: आधी "मला काळजी वाटते", मग "मला हे ठीक वाटत नाही", मग "हे सुरक्षित नाही". ठरलेले शब्द असल्याचा फायदा असा की डॉक्टरांनाही ते माहीत असतात. त्यामुळे तो उद्धटपणा वाटत नाही, नियम वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेच्या तपासणी-यादीत चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. वरवर पोरकट वाटतं. पण एकदा नाव उच्चारलेला माणूस पुढे गरज पडली तर बोलतो.

अवांतर: एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. अपेक्षा होती की चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील. निघाल्या जास्त! कारण तिथले लोक चुका लपवत नव्हते. धागाकर्तीच्या ऑफिसात चूक सापडली की सीसी लावून मेल जातो. त्या टीममध्ये आता बाकीचे किती चुका लपवत असतील, याचा मॅनेजरने विचार करावा.

वाचनाचा_नाद

एक जुनी युक्ती. बेंजामिन फ्रँकलिन पेनसिल्वेनियाच्या विधिमंडळात असताना एक सदस्य त्याच्यावर खार खाऊन होता. फ्रँकलिनने त्याच्याकडचं एक दुर्मीळ पुस्तक वाचायला मागितलं, आठवड्याभराने चिठ्ठी लिहून परत केलं. पुढे दोघांची चांगली मैत्री झाली असं तो आत्मचरित्रात सांगतो. आपण ज्याच्यासाठी काही करतो तो आपल्याला आवडू लागतो, असा सिद्धांत आहे. १९६९ मध्ये यावर प्रयोगही झाला आणि तो फ्रँकलिनच्या बाजूने गेला.

सरांकडे एखादी छोटी मदत मागून बघा.

तिरकस

धागाकर्ती दर महिन्याला मदतच मागतेय हो. "आकडे पाठवा." मैत्री काही होईना.

वाचनाचा_नाद

ते मागणं कामाचं आहे, द्यावंच लागणारं. मी म्हणतोय ते, जे फक्त त्यांनाच येतं आणि नाही म्हणायची त्यांना मुभा आहे, असं काहीतरी.

जुना_खांब

@वाचनाचा_नाद, मुभा असलेलं मागणं, हे पटलं. पण युक्ती म्हणून केलंत तर माणूस ओळखतो बरं. आम्ही म्हातारे झालो असू, आंधळे नाही.

खरंच हवं असेल ते मागा. त्यांच्या शीट्समध्ये असं काहीतरी नक्की असेल जे नव्या सॉफ्टवेअरमध्ये आलेलं नाही. ते काय, हे त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही.

@रोखठोक, तुमचा मुद्दा मान्य न करता सोडून देतो. पुढच्या दहा वर्षांनी परत वाद घालू.

मधली_सुट्टी

आतापर्यंतचं सगळं वाचून माझं मत सांगते, जरा वेगळं आहे.

तुम्ही दोघं भांडताय असं दिसतं, पण हे भांडण तिसऱ्याने लावलंय, बहुतेक नकळत. मॅनेजरने काम हलवलं आणि ते कुठून कुठपर्यंत हललं हे सांगितलंच नाही. रिपोर्ट तुमच्याकडे आला. पण मूळ आकडे तपासायचे कुणी? विभागांना आठवण करायची कुणी? चूक सापडली तर ती कुणाची? "सरांना विचारलंत का?" हे मॅनेजर अजूनही म्हणतोय, म्हणजे अधिकृतपणे काम तुमचं आणि अनधिकृतपणे शब्द सरांचा. एकाच शेताचे दोन सातबारे काढून दिल्यावर शेजारी बांधावर भांडणारच. यात तुमचे दोघांचे स्वभाव देवदूतांचे असते तरी फार फरक पडला नसता.

म्हणून "सर, आपल्यात काय बिनसलंय?" हा संवाद मी तरी सुरू करणार नाही. एकतर ते "कुठे काय?" म्हणतील. आणि बोललेच तर पहिल्या पाच मिनिटांत त्यांना आपला अपमान मान्य करावा लागेल, तोही तुमच्यासमोर. हे कुणाला जमतं? नात्यावर बोलू नका. वाटणीवर बोला. मॅनेजरकडेही तक्रार घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा: या कामातला कोणता भाग सरांचा आणि कोणता माझा? तक्रारखोर हा शिक्का प्रश्नावर बसत नाही.

सीसीवाल्या मेलबद्दल: उत्तर त्याच दिवशी, सगळ्यांना, तीन ओळींत. आकडा दुरुस्त केला. मूळ माहिती अमुक तारखेला मिळाली. पुढच्या महिन्यासाठी ती अमुक तारखेला मिळावी. सफाई नाही, टोमणा नाही. "आपल्या मार्गदर्शनाबद्दल आभारी" तर अजिबात नाही, त्यातला खवचटपणा लांबून ओळखू येतो.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात थोडं घडलंय, ते सांगते.

मॅनेजरला तोच प्रश्न विचारला. कोणता भाग कुणाचा? तो दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही दोघं मिळून ठरवा ना. दोघंही समजूतदार आहात." म्हणजे घोंगडं भिजतच. पण विचारल्याचा एक फायदा झाला. उत्तर त्याच्याकडेही नाही हे मला पहिल्यांदा कळलं. इतके दिवस मला वाटत होतं की त्याने सगळं काम माझ्याकडे दिलंय आणि सर उगाच अडवतायत.

मग मीच वाटणीचा कागद केला. रिपोर्टच्या पायऱ्या, प्रत्येकीसमोर कुणी करायचं, कधीपर्यंत, आणि शेवटी कुणी तपासायचं. जिथे मला माहीत नव्हतं तिथे जागा मोकळी ठेवली. मॅनेजरला न पाठवता आधी सरांना पाठवला, फक्त त्यांना. सोबत लिहिलं की जुन्या शीटमधल्या कोणत्या तपासण्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या नाहीत ते मला कळत नाहीये, ते तुम्हीच सांगू शकाल. हे खरंच होतं, @जुना_खांब.

काही दिवस काहीच नाही. मग कागद परत आला, लाल अक्षरांनी भरून. नमस्कार नाही, आभार नाही, खाली सही नाही. एका पायरीसमोर "चुकीचे" एवढंच. पण दोन तपासण्या अशा लिहिल्या होत्या ज्या मला सात जन्मात सुचल्या नसत्या. एका विभागाच्या परताव्याच्या नोंदी पुढच्या महिन्यात उलट्या होऊन येतात, त्या वेगळ्या काढल्या नाहीत तर बेरीज जुळते पण आकडा खोटा असतो. शेवटची तपासणी त्यांनी स्वतःच्या नावावर टाकली. मी ती तशीच ठेवली आणि कागद दोघांच्या नावाने मॅनेजरला पाठवला. तो "छान!" म्हणाला. वाचला असेल असं वाटत नाही.

या महिन्यात आकडे ठरल्या तारखेला आले. सीसीचा मेल आला नाही. बोलणं मात्र अजून तेवढंच, म्हणजे जवळजवळ नाहीच. आणि मीटिंगमध्ये परवा पुन्हा तोडलं. त्याचं काय करू?

जुना_खांब

शेवटची तपासणी त्यांच्याकडे राहू दिलीत, हे फार बरं केलंत. त्या एका ओळीत त्यांचं "त्यांना विचारा" त्यांना परत मिळालं.

बोलणं येईल किंवा येणार नाही. त्याची वाट बघू नका.

रोखठोक

किंवा पुढच्या वेळी चूक झाली की "शेवटची तपासणी माझी होती" हे ते सोयीने विसरतील. कागद जपून ठेवा, आणि दर महिन्याला त्यांनी तपासल्याची तारीख त्यावर पडू द्या. विश्वास आहे म्हणून तारीख टाकायची नाही असं थोडंच आहे?

रात्रपाळी

मीटिंगबद्दल. तोडल्यावर तुम्ही गप्प होता का? बहुतेक जण होतात आणि मग तो मुद्दा तिथेच मरतो. "सर, एक वाक्य पूर्ण करते आणि मग तुमचं ऐकते," असं म्हणायचं आणि खरंच एकच वाक्य बोलायचं. त्यानंतर वळून विचारायचं, "तुम्ही आधी करून पाहिलं होतंत तेव्हा कुठे अडलं होतं?" पण विचारताना आवाजात धार नको. उत्तर आलं तर ते लिहून घ्यायचं, सगळ्यांसमोर. त्यांचं वाक्य तुम्हाला थांबवायला होतं, ते तुम्ही माहिती म्हणून वापरायचं.

पहिल्यांदा म्हणताना आवाज कापतो. आमच्याकडे नव्या मुलींना हे वाक्य एकमेकींसमोर म्हणायला लावतो, आधी रिकाम्या खोलीत.

धावपट्टी

+१. आणि मीटिंगआधी मुद्दा त्यांना लेखी पाठवून ठेवा, दोन ओळी पुरे. समोर पहिल्यांदा ऐकलेल्या गोष्टीला माणूस आधी विरोध करतो, नंतर विचार करतो. आमच्याकडे उड्डाणाआधीची बैठक त्यासाठीच असते, नवं काही हवेत असताना कळायला नको.

कोरा_कागद

पुढची मीटिंग गुरुवारी आहे. मुद्दा आज पाठवते. ते वाक्य घरी म्हणून बघितलं, दुसऱ्या शब्दावरच हसू आलं. अजून दोन दिवस आहेत.

@रोखठोक, तारखेचा रकाना टाकला. सरांनी काही न बोलता भरलाही.

तिरकस

म्हणजे नोकरी बदलत नाही तर. माझा एकमेव सल्ला वाया गेला.

पानगळ

@कोरा_कागद, त्या कागदाचा नमुना नावं काढून इथे टाकता येईल का? आमच्या मॅडमना पाठवायचाय. रिकाम्या जागा बऱ्याच ठेवणार आहे.